लांब पडलेला ठिपका

आमच्या लिमये सरांचं एक ठाम मत होतं. "एका किश्श्यावरून निष्कर्ष काढायचा नाही. निदान तीस जमू द्यात, मग बोला." आम्ही एम.ए.ची मंडळी अजूनही वर्षातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो, आणि सरांचे किस्से निघाले की भजी गार होतात. तिसाचा आकडा तर आम्ही केव्हाच ओलांडलाय! तरी निष्कर्ष काही निघत नाही. त्यातले हे थोडे.

अर्थशास्त्राला 'प्राथमिक सांख्यिकी' हा पेपर होता आणि त्या वर्षी तो पहिल्यांदाच कॉम्प्युटरवर शिकवायचा असं ठरलं. कॉलेजात कॉम्प्युटर चार, आम्ही चौदा. लॅबमध्ये एसी, पायाखाली जाजम, चपला बाहेर. मी शनिवार पेठेतली, देवळाबाहेर चपला काढायची सवय होती, त्यामुळे नमस्कार तेवढा करायचा राहिला. सतीश नावाचा एक जण होता, तो स्वतःला हुशार समजायचा आणि दुर्दैवाने होताही. त्याने पहिल्या दिवशी एक बटण दाबलं आणि मशीन 'टुंक' असं वाजल्यावर हात वर करून उभा राहिला.

सर पन्नाशीचे. पंचवीस वर्षं फुलस्केपवर हाताने गणितं केलेला माणूस. त्यांचा मशीनवर काडीचा विश्वास नव्हता. म्हणून त्यांनी पहिलं काम केलं ते मशीनची परीक्षा घेण्याचं!

*

सरांचं एक ठरलेलं उदाहरण होतं, गणित क्रमांक सात. पाऊस आणि ज्वारीचं पीक यांचा सहसंबंध. त्यातले आकडे त्यांनी सतीशला टाइप करायला सांगितले. एंटर मारायचा अवकाश, उत्तर आलं. सरांनी चष्मा वर केला. त्यांच्या उत्तराशी तिसऱ्या दशांश स्थळावर फरक होता.

"बघा," सतीश म्हणाला, "मशीन चुकलं."

 सर कागद घेऊन कोपऱ्यात बसले.  अर्ध्या तासाने ते उठले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "वर्ग करताना एक हातचा राहिला होता. अठरा वर्षं मी हे चुकीचं शिकवतोय."

आम्हाला वाटलं, संपलं. पण पुढच्या आठवड्यात सर पोस्टकार्डांचा गठ्ठा घेऊन आले. जुन्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांचे पत्ते मिळाले त्या प्रत्येकाला एकेक कार्ड! नागपूरला एक जण बँकेत मोठ्या पदावर पोचला होता, त्यालाही गेलं. "गणित क्रमांक सात, उत्तर दुरुस्त करून घ्यावे. चूक माझी. कळावे." त्या दिवशी मी सरांकडे पाहत राहिले. माणूस एवढा स्वच्छ असू शकतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

*

आमच्या बॅचला सरांनी एक पाहणी दिली होती. आई किती वर्षं शिकली आणि तिची मुलगी किती वर्षं शिकली, एवढंच विचारायचं. चाळीस-बेचाळीस घरं, चिठ्ठ्या टाकून काढलेली. फॉर्म पेन्सिलीनेच भरायचे, हा सरांचा कडक नियम. "आकड्याला माघार घ्यायला जागा ठेवावी," असं ते म्हणायचे. आमच्या कंपासपेटीत पेन दिसलं तरी कपाळाला आठी.

आकडे मशीनमध्ये भरायचं काम सतीशने घेतलं. सरासरी काढली. आयांचं सरासरी शिक्षण आलं एकवीस वर्षं!

सर शांतपणे म्हणाले, "सतीशराव, आपल्या मातोश्री किती शिकल्या?"

"मॅट्रिक, सर. म्हणजे अकरा."

"मग उरलेली दहा कुणाच्या आईने भरून काढली?"

झालं होतं असं, की ज्या घरी आईचं शिक्षण सांगता आलं नाही तिथे सतीशने ९९ लिहिलं होतं. कुठल्याशा पुस्तकात त्याने वाचलं होतं म्हणे. मशीन बिचारं, त्याने त्या आयांना नव्व्याण्णव वर्षं शाळेत बसवलं!

"माहीत नाही तिथे रकाना रिकामा सोडा," सर म्हणाले. "आणि जे अजून झालेलं नाही तेही लिहायचं नाही. रिकामा रकाना खोटं बोलत नाही."

*

एका सकाळी सर पिशवीभर कवड्या घेऊन आले. प्रत्येकाला दहा. "टाका. उताण्या किती पडल्या ते लिहा. शंभर वेळा." आम्ही जाजमावर फतकल मारून कवड्या टाकतोय, आणि दारातून प्राचार्य बघतायत! त्यांनी काहीही न विचारता दार लोटून घेतलं.

मग तेच सरांनी मशीनला करायला लावलं, हजारो वेळा. काळ्या पडद्यावर हिरव्या चांदण्या एकेक करून रचल्या जाऊ लागल्या. कडेला थोड्या, मध्ये जास्त. बघता बघता मधोमध डोंगर उभा राहिला, दोन्ही बाजूंनी सारखा उतरत गेलेला. कुणी रचला नव्हता तो. प्रत्येक कवडी आपल्या मर्जीने पडली होती!

"पुन्हा केलं तर?" मी विचारलं.

"करा की."

पुन्हा केलं. आकडे वेगळे, डोंगर तोच.  आम्ही चौदा जण त्या चार पडद्यांपुढे अनवाणी उभे होतो.

पहिली बोलली ती अलका. नुकत्याच शहराच्या हद्दीत आलेल्या एका गावातून, स्वारगेटला बस बदलून यायची. वर्गात फारसं तोंड उघडायची नाही. ती म्हणाली, "सर, खळ्यात धान्य वतल्यावर रास हुते, तशीच हाय की ही."

सतीश हसला. सर हसले नाहीत. "पंचवीस वर्षं मी हे इंग्रजीत समजावतोय," ते म्हणाले, "आणि तुम्ही एका ओळीत सांगितलंत." पुढच्या वर्षापासून सर तो धडा राशीवरूनच सुरू करायला लागले.

*

मग आली रेषा. प्रत्येक घराचा पडद्यावर एक ठिपका आणि सगळ्या ठिपक्यांमधून वाट काढत जाणारी एक रेषा. आई जेवढी शिकलेली, तेवढी मुलगी पुढे, असं ती सांगत होती. पण एखादा ठिपका रेषेपासून फार लांब पडला, की आमचा हात खोडायच्या बटणाकडे जायचा. तिथे सरांचा दुसरा नियम आडवा यायचा. "खोडण्याआधी त्याला भेटून या."

येरवड्यातला एक ठिपका होता. आई सोळा वर्षं शिकलेली, मुलगी फक्त दोन! "चुकीची एंट्री आहे सर," सतीश म्हणाला. सरांनी त्याला भर उन्हात पाठवलं. संध्याकाळी घामाघूम होऊन परतला.

"भेटलात?"

"भेटलो."

"मग?"

"मुलगी सात वर्षांची आहे, सर."

त्यानंतर एकविशीच्या पुढच्या मुलीच मोजायच्या असं ठरलं, आणि लहान बहिणींचे रकाने रिकामे राहिले.

*

त्याच सुमारास अलका दहा दिवस आली नाही. आली तेव्हा डोळे सुजलेले. कँटीनमध्ये मला म्हणाली, "नंदाची दहावी झाली. चुलते म्हणत्यात, बास झालं, घरात एक शिकली तेवढी पुरं. कॉलेजच्या फॉर्मची मुदत शनिवारी संपतीय. माझ्या येळेला आई भांडली होती. आता ती काय बोलतच नाही, दमलीय." नंदा म्हणजे तिची धाकटी बहीण. 

त्याच दिवशी लॅबमध्ये पडद्यावर एक ठिपका निघाला. आई शून्य, मुलगी सोळा. रेषेच्या इतका वर, की सतीशही दचकला. "हा तर नक्की चूक," मी म्हणाले. "खोडूया."

"भेटलं का कुणी?" सरांनी विचारलं.

"मी भेटलेय," अलका म्हणाली.

"कधी?"

"रोजच भेटते, सर. आमचंच घर हाय ते."

 सर म्हणाले, "आपल्या घरचा आकडा आपण तपासायचा नसतो. आईंना यायला जमेल का?"

शुक्रवारी अलकाची आई आली. दाराबाहेरची चपलांची रांग बघून तिनेही आपल्या काढल्या आणि डोक्यावरचा पदर नीट केला. सर उठून उभे राहिले. सर कुणासाठी उठलेले आम्ही पाहिले नव्हते, प्राचार्यांसाठीसुद्धा!

"या ताई, बसा."

"ह्यात मी कुठंशी हाय?" तिने पडद्याकडे बघत विचारलं. सरांनी ठिपक्यावर बोट ठेवलं. "हा बघा. तुम्ही शून्य, अलका सोळा."

"आन ही रेघ कशाची?"

"आई शाळेत किती गेली, त्यावरून लेक कुठवर जाईल ते ही सांगते."

"मंग मी एवढी वर कशी?"

"तुम्ही रेघेचं ऐकलं नाहीत," सर म्हणाले.

त्यांनी तिचा ठिपका काढून दाखवला. रेषेचं डावं टोक खाली आलं. परत घातला. टोक नखभर वर सरकलं. नखभरच, पण सरकलं.

"म्या वढली?"

"तुम्हीच."

ती कितीतरी वेळ पडद्याकडे बघत बसली. अलका खाली मान घालून उभी होती. मग आईची नजर टेबलावरच्या फॉर्मवर गेली. तो त्यांच्याच घरचा होता. अलकाच्या नावाखालच्या ओळीवर तिने बोट ठेवलं आणि मला विचारलं, "हितं काय लिवलंय?"

"नंदा," मी वाचलं. "पुढचा रकाना रिकामा आहे."

"का?"

"अजून ठरलेलं नाही ना, म्हणून."

"सोळा लिवा."

सर हळूच म्हणाले, "ताई, जे झालेलं नाही ते आम्ही लिहीत नाही."

"तुमी लिवा," ती म्हणाली. "व्हायचं कसं ते मी बघते."

सरांनी फॉर्म पुढे ओढला. मी घाईघाईने पेन्सिल पुढे केली.

"पेन्सिल नको," सर म्हणाले. "पेन द्या."