कुंकवाखालची अक्षरं

आप्पाकाका गेल्याचा फोन काकीनेच केला. "हे गेले गं..." एवढंच. मी अंधेरीला ऑफिसात होते. मुलुंडला पोहोचेपर्यंत डोक्यात एकच, परवाच त्यांनी फोनवर मला झापलं होतं! "काकीक कॉम्प्युटर नीट बंद करूक शिकवलंस की नाय गो?"

आप्पाकाका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, गिरणीत विणकर. गिरणी गेली तसे ते वॉचमन झाले. काकी घरी मराठी टायपिंग करायची, सोसायट्यांच्या नोटिसा, लग्नपत्रिका वगैरे. तिच्यासाठीच कॉम्प्युटर आणला. दुकानदार म्हणाला, ऑपरेटिंग सिस्टिम डुप्लिकेट टाकतो, सगळेच वापरतात. झालं! आप्पाकाका भर दुकानात ओरडले, "चोरीचो माल माझ्या घरात नको!" ओरिजनलच घेतली, आणि लायसन्स कीचा स्टिकर सीपीयूच्या डब्याच्या कडेला लागला. पुढे दर खंडेनवमीला, गिरणीत मागाला लावायचे तसं, ते कॉम्प्युटरला कुंकू लावू लागले. तेही नेमकं त्या स्टिकरवर. मी वैतागायचे. "अहो आप्पाकाका, ती की आहे, पुसली जाईल!" तर म्हणायचे, "मागाच्या नावाच्या पट्टीवरच लावायचो आमी. नाव आसा थंयच लावूक व्हया, बाय." दुसऱ्या दिवशी स्वतःच ओल्या फडक्याने पुसायचे. गेल्या वर्षी मात्र आजारपण सुरू झालं आणि कुंकू तसंच राहिलं.

ते गेले आणि काही दिवसांतच कॉम्प्युटर सुरू होईना. घाटकोपरहून रिपेअरवाला मंदार आला. "सिस्टिम उडालीय ताई. परत टाकतो, पण की लागेल." स्टिकरवर आप्पाकाकांच्या बोटाचा लालभडक ठसा... बिल, खोका सगळं कधीच रद्दीत गेलेलं. "मग डुप्लिकेट टाकू? कोण विचारतंय! हे व्हर्जन आता विकत मिळत नाही, आणि नवीन ह्या डब्याला झेपायचं नाही." काकीचं सगळं काम त्याच्यावर. टायपिंगही सुटलं तर ही बाई दिवसभर भिंतीकडे बघत बसणार. की हवी तर त्यांचा ठसा पुसायचा, नाहीतर त्यांच्याच घरात चोरीचा माल आणायचा.

"पूस," काकी म्हणाली. माझा हात पुढे होईना. शेवटी तिनेच कापूस भिजवला आणि हळूहळू पुसलं. खाली कोरा कागद! इतक्या वर्षांच्या पुसापुशीत एक अक्षर धड उरलं नव्हतं. मला असा संताप आला आप्पाकाकांचा! गेलेल्या माणसावर चिडून मी स्वयंपाकघरात जाऊन ढसाढसा रडले. बाहेर मंदारने गुपचूप डुप्लिकेटचा पेनड्राइव्ह काढला होता. काकीने मान हलवली. "नको रे. त्यांना नाही चालायचं."

तेव्हापासून ती रिकामी बसते. मला बघवत नाही. नवीन कॉम्प्युटर आणू म्हटलं की विषय बदलते.

परवा खंडेनवमी झाली. आमच्याकडे यंदा सण नाही, तरी राहवेना म्हणून गेले. दार उघडंच होतं. आप्पाकाका गेल्यापासून काकीने कुंकवाच्या करंड्याला हात लावला नव्हता. आज तो तिच्या हातात होता, आणि ती कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यासमोर उभी.

"अगं काकी... बंद मशीनला?"

"गिरणी बंद पडली त्या वर्षी हे गेटच्या कुलपाला लावून आले होते," ती म्हणाली, आणि त्या कोऱ्या स्टिकरवर बोट टेकवलं.