डावी नळी

तिसऱ्या मुलीच्या वेळी वहिनी मरता मरता वाचली होती. चौथं बाळंतपण झेपणार नाही, हे सुईणीनेही सांगितलं होतं. दादाने स्वतःचं नसबंदीचं ऑपरेशन करून घ्यावं, असं कुणी सुचवलं नाही. त्याला म्हणे शेतात वजन उचलावं लागतं. वहिनी डोक्यावरून नेते ते भारे बहुधा पिंजलेल्या कापसाचे असावेत. त्याने तिच्या कागदावर सही केली, हाच त्याचा मोठेपणा.

दुर्बिणीच्या ऑपरेशनचं शिबिर जळगाव जामोदच्या बाजूला एका शाळेत होतं. सोबत मला धाडलं. कॉन्व्हेंटात शिकलेली, चारचौघांत तोंड न उघडणारी नणंद. घरात फारशी उपयोगाची नव्हतेच.

वर्गातल्या टेबलाच्या पायाखाली विटा ठेवून उतार केला होता. वहिनीचं डोकं खाली, पाय वर. भूल बेंबीजवळच्या जागेपुरतीच, बाई पूर्ण शुद्धीत. नर्सने मला उशाशी उभं केलं. "हिच्याशी बोलत राहा, म्हणजे हलणार नाही." या कामाला त्यांना मी सापडले!

पोटात हवा भरताना वहिनी कण्हली.

"ए बाई, नाटकं नकोत," जीपमधून आलेले डॉक्टर म्हणाले. मग सहायकाला इंग्रजीत सांगू लागले, या बायकांना दुखत नसतं, सवय असते. थोड्या वेळाने, तशाच सुरात: उजव्या बीजनळीला रिंग बसली, ती बंद झाली; डावी दिसत नाही. जाऊ दे. झालं म्हणून लिहून टाक, बाहेर रांग आहे.

वहिनीने माझा हात दाबला. "काय म्हणते वो बाई तो? झालं काय?"

'हो' म्हटलं असतं तर आम्ही दुपारच्या बसने घरी गेलो असतो आणि वर्षभरात तिला खांदा द्यावा लागला असता.

"नाही झालं," मी म्हणाले. मग खाली बघतच, इंग्रजीत: डावी नळी राहिली आहे, डॉक्टर. पुन्हा दिवस गेले तर ही जगणार नाही.

त्यांचा हात थांबला. "अरे वा! कुठल्या शाळेत होता तुम्ही? आधी सांगायचं ना! सिस्टर, यांना खुर्ची द्या."

मी एका वाक्यात 'तुम्ही' झाले होते. टेबलावरची मात्र अजून 'ए बाई'च.

नळी काही मिनिटांत सापडली. कुठे गेली नव्हतीच, फक्त शोधायची नव्हती.

"एवढं बोलता येते तुले?" वहिनी घामेजल्या चेहऱ्याने म्हणाली. "घरी त मुकीच असते."

बाहेर व्हरांड्यात बायका ओळीने बसल्या होत्या. त्यांच्या उशाशी कोण उभं राहणार, हे मी कुणाला विचारलं नाही. वहिनीला धरून बसथांब्याकडे निघाले.