खलनायकाचा भाग दोन

व्हिडिओ गेमच्या दुसऱ्या भागाइतकी खोटारडी चीज मी पाहिलेली नाही. पहिला भाग तुम्हाला विचारतो, या दुष्टाचं काय करायचं? तुम्ही खुळ्यासारखे विचार करता, जेवताना विचार करता, कंपनीच्या बसमध्ये विचार करता, आणि मग मन घट्ट करून काहीतरी ठरवता. दोन-तीन वर्षांनी दुसरा भाग येतो, आणि दुष्ट हजर! तुम्ही त्याला मारलं असलं तरी हजर, सोडलं असलं तरी हजर. खोक्यावर मात्र ठळक अक्षरांत छापलेलं असतं की तुमची निवड महत्त्वाची आहे. हे छापणाऱ्याला लाज कशी वाटत नाही, हा माझा जुना प्रश्न आहे.

आमच्या घरात हा नाद मी आणला, धाकट्या भावाने नाही. मी निघोज्याजवळच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. आम्ही गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवतो. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका मोजून घरी आलं की मला भाजी निवडत मालिका बघवत नाही. म्हणून पिंपरीतून टीव्हीला जोडायचा एक जुना गेम कन्सोल घेतला. वडील, म्हणजे आमचे अण्णा, बीडकडून तरुणपणी इकडे आले आणि टूलरूममध्ये साचे बनवण्यात जन्म घालवून रिटायर झाले. हातात धरायची ती प्रत्येक वस्तू त्यांच्या लेखी एक तर हत्यार असते, नाहीतर खेळणं. कंट्रोलरला ते खुळखुळा म्हणायचे. "लग्नाच्या वयाची पोरं खुळखुळा वाजवित बसलेत," असं दारात आलेल्या कुणालाही ऐकवायचे.

भाऊ माझ्याच कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर प्रेस चालवायचा. पॉवर प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं दाबली तरच वरचा साचा खाली येतो. उद्देश सरळ आहे, साचा खाली येताना दोन्ही हात बाहेर असावेत. पण दोन हातांनी काम हळू होतं. म्हणून आमच्याकडची रीत अशी, की एका बटणावर लोखंडी पट्टी अडकवून ते कायमचं दाबून ठेवायचं. एक हात बटणावर, दुसरा हात पत्रा सरकवायला. गाडीवाल्यांची मागणी वाढली की पट्ट्या लागतात आणि ऑडिट आलं की निघतात. मागणी वाढलेल्या अशाच एका महिन्यात आमच्या प्रॉडक्शनच्या साहेबाने लायनीवर उभं राहून, नाव घेऊन माझ्या भावाला पट्टी लावायला सांगितलं. भावाच्या उजव्या हाताचं मधलं बोट आणि त्याशेजारची अनामिका गेली.

चौकशी झाली. ऑपरेटरचा निष्काळजीपणा, असं ठरलं. पट्टी कुणी लावायला सांगितली, हा प्रश्न कुणी विचारला नाही, कारण चौकशी करणारे साहेबाच्याच केबिनमध्ये बसून चहा पीत होते. मी ते काचेतून पाहिलं आहे. करून सवरून नामानिराळा राहणं ही एक कला आहे, आणि आपल्याकडे ती शिकलेल्यांनाच जमते. काही दिवसांनी साहेब मोठ्या कंपनीत गेला. निरोपाला केक होता. भावाला स्टोअरमध्ये बसवलं, कॉन्ट्रॅक्टवरच.

हात बरा होत होता तेव्हा त्याने खेळायला सुरुवात केली. कंट्रोलरला अंगठा आणि तर्जनी पुरते. जगातल्या बाकी सगळ्या वस्तू त्याच्या हातातून निसटत होत्या, अगदी पाण्याचा तांब्यासुद्धा, ही एक निसटत नव्हती.

तेव्हा आमच्याकडे जो गेम होता त्यात एक सुभेदार होता. धरण वाचवायचं म्हणून त्याने रात्रीतून दरवाजे उघडले आणि खालची सगळी वस्ती बुडवली. शेवटी तो आपल्या तावडीत येतो आणि गेम तीन वाटा देतो: मारा, सोडा, किंवा वस्तीतल्या उरलेल्या माणसांपुढे उभा करा. मी म्हटलं, ढकल धरणाच्या भिंतीवरून. माझा हात शिवशिवत होता, आणि तो काही पडद्यावरच्या सुभेदारासाठी नव्हता. भावाने कंट्रोलर मांडीवर ठेवला.

"नको ताई," तो म्हणाला. "मारून काय होतंय? चार लोकांपुढं उभा राहू दे. त्यानं काय केलं ते त्याच्यापुढंच बोललं गेलं पाहिजे. तेवढं झालं तरी बास."

मला तेव्हा कळलं की याला बोटांची भरपाई नको आहे. एवढंच हवं आहे. आणि ते कुठल्याही कंपनीत मिळत नाही.

मग दुसरा भाग आला. पहिल्याच प्रसंगात सुभेदार एका मठात वांग्यांना पाणी घालतोय! दाढी वाढलेली, आवाज मऊ. म्हणतो, लोकांनी मला माफ केलं. कुठल्या लोकांनी? आम्ही ज्यांच्यापुढे त्याला उभं केलं होतं त्यांच्यातला एकही माणूस या भागात नाही. ज्या खेळणाऱ्यांनी त्याला मारलं होतं त्यांच्याकडेही तो असाच वांगी शिंपत होता, फक्त गालावर एक वण. पुढे त्याचं बालपण दाखवतात. आई आजारी, बाप कठोर, थंडीत कुडकुडणारं पोर. दुसऱ्या भागात प्रत्येक खलनायकाला बालपण मिळतं. त्याने बुडवलेल्यांना मात्र कुणी बालपण देत नाही, त्यांना नावंसुद्धा नसतात. आणि यावर कळस म्हणजे तो तुमच्या टोळीत सामील होतो. त्याला जखम झाली की तुमच्या झोळीतलं औषध त्याला पाजायचं. इंटरनेटवरचे विद्वान याला 'खोली' म्हणतात. खोली म्हणे! वांग्याच्या वाफ्याएवढीसुद्धा खोली नव्हती त्यात.

मध्यावर कुठेतरी तो हात पुढे करतो आणि पडद्यावर तीन उत्तरं येतात. मी तुला माफ केलं. मला वेळ लागेल. काही न बोलता मान हलवा. भावाने तिन्ही करून पाहिली. तिन्हीनंतर सुभेदार खांद्यावर हात ठेवतो आणि तेच संगीत वाजतं.

"मला जे बोलायचंय ते ह्यात न्हाईच," भाऊ म्हणाला आणि कंट्रोलर खाली ठेवला.

त्याच सुमारास आमचा साहेब परत आला. आता प्लँट हेड होऊन. मी अतिशयोक्ती करत नाही, त्यानेही दाढी ठेवली होती. पहिल्या दिवशी शेडमध्ये सगळ्यांना गोळा करून त्याने आपलं बालपण सांगितलं. अनवाणी शाळा, विहिरीचं पाणी, शिस्तीचे वडील. मग सांगितलं की मधल्या काळात तो ध्यान शिकला, माणूस म्हणून बदलला, आणि आता त्याच्यासाठी सुरक्षा सगळ्यात आधी. पोरांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारचा एक जण म्हणाला, "साहेब लई बदलले राव." भिंतींवर सुरक्षेची पोस्टरं लागली. मागणी वाढली तशा पोस्टरांखालच्या प्रेसवर पट्ट्याही लागल्या. ये रे माझ्या मागल्या.

मग एचआरच्या मॅडमनी भावाला बोलावून घेतलं. साहेबांना त्याच्यासाठी काहीतरी करायचं होतं. परमनंटची जागा, सुरक्षा विभागात. नव्या पोरांना त्याने आपला अनुभव सांगायचा. सुरुवात खंडेनवमीच्या पूजेला सगळ्यांसमोर करायची, म्हणजे दृश्य चांगलं दिसेल. बोलायची वाक्यंही मॅडमनी पढवली: माझ्या एका क्षणाच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला. कंपनीने मला सांभाळलं. साहेबांनी मला दुसरी संधी दिली. मग साहेब हात मिळवणार आणि फोटो.

परमनंट हा शब्द आमच्या कारखान्यांच्या भागात काय आहे, ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. कॉन्ट्रॅक्टवाल्याला पोरगी कुणी देत नाही, बँक दारात उभं करत नाही, आणि सकाळी गेटवर कार्ड चालेल की नाही याची धाकधूक रोजची. अण्णा हरखून गेले. जेवताना ते साहेब व्हायचे आणि भावाकडून वाक्यं म्हणवून घ्यायचे. "माणूस बदलतो बी लेका," ते म्हणायचे. "तू दोन शब्द बोल अन् मोकळा हो. बोललेलं कोण ध्यानात ठेवतंय?" भाऊ भाकरी मोडत वाक्यं म्हणायचा, शाळेतल्या पाढ्यासारखी. मला त्या ताटावरून उठून जावंसं वाटायचं. पण नको म्हण, असं मी त्याला सांगितलं नाही. नोकरी त्याची होती आणि बोटंही त्याची.

खंडेनवमीला आमची शेड ओळखू येत नाही. आदल्या शिफ्टला मशिनं धुऊन पुसतात, झेंडूचे हार चढतात, नट आवळायचे पाने, हातोडे, मापाचे गेजेस लाल कापडावर मांडतात. बटणांवरच्या पट्ट्या त्या दिवशी काढून ठेवतात, कारण फोटो बाहेर जातात. आणि एक नियम सगळे पाळतात: जो मशीन चालवतो तोच त्या मशीनला कुंकू लावतो. साहेबाने फक्त नारळ फोडायचा.

मॅडमना दृश्य चांगलं हवं होतं, म्हणून त्यांनी भावाला उभं केलं ते थेट त्याच्या जुन्या प्रेससमोर, आणि पूजेचं तबक त्याच्या हातात दिलं. आधी कुंकू लाव, मग बोल. माईक तयार, साहेब शेजारी, फोटोवाला स्टुलावर.

देवाला आणि हत्याराला कुंकू अनामिकेने लावतात. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मॅडमना ते सुचलं नाही, साहेबाला सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही त्या क्षणापर्यंत सुचलं नव्हतं. भावाने डाव्या हातात तबक धरलं, उजवा हात कुंकवाच्या वाटीवर नेला आणि तिथेच थांबला.

साहेबाने हसून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. भावाने तबक त्याच्यापुढे धरलं.

"साहेब, तुमीच लावा," तो म्हणाला. माईक चालू होता. "माझं कुंकवाचं बोट ह्याच मशीनमधी गेलं. पट्टी लावायला तुमीच सांगितलं होतं, हितंच उभं ऱ्हाऊन. तवा तुमच्या हातानं लावा."

मोठ्याने नाही बोलला. रागानेही नाही. स्टोअरमध्ये बोल्ट मागताना बोलतो तसाच.

पूजेचं पुढे केलेलं तबक नाकारता येत नाही, निदान चारशे लोकांसमोर नाही. साहेबाने इकडे-तिकडे पाहिलं. टाळ्या वाजवणारी पोरं त्याच्या हाताकडे बघत होती. त्याने अंगठी घातलेलं बोट कुंकवात बुडवलं आणि प्रेसला टेकवलं. फोटोवाल्याने सवयीने फोटो काढला.

परमनंटचं पत्र अर्थातच आलं नाही. दिवाळीनंतर भावाचं कॉन्ट्रॅक्टही वाढवलं नाही. आता तो सांगवीत एका मित्राच्या दुकानात मोबाइल दुरुस्त करतो, अंगठा आणि तर्जनीने. साहेब आहे तिथेच आहे, दाढीसकट. इतर प्रेसवर पट्ट्या परत लागल्या. त्या एका प्रेसवर मात्र कुणी लावत नाही. तसा हुकूम कुणी काढलेला नाही, आणि साहेब तिथे थांबून पट्टी लावा म्हणतही नाही. एवढाच परिणाम, एका मशीनपुरता. पण गेमवाल्यांना कोट्यवधी ओतून तेवढाही दाखवता आला नाही.

त्या दिवशी आम्ही दोघं घरी आलो तेव्हा मला अण्णांची भीती वाटत होती. बातमी आमच्या आधी पोचली होती, अण्णांच्या जुन्या दोस्तांचे फोन येऊन गेले होते. ते पाटावर हत्यारं मांडत होते, घरची पूजा संध्याकाळी असते. त्यांचा पाना, मायक्रोमीटर, आईचं शिलाई मशीन शेजारी. आम्ही चपला काढून उभे राहिलो.

अण्णा उठले, टीव्हीखालचा खुळखुळा काढला, वायर नीट गुंडाळली आणि तो पान्याशेजारी पाटावर ठेवला. मग भावाकडे न बघता विचारलं, "लावलं का त्यानं कुंकू?"

"लावलं."

"हात थरथरला का?"

भावाने माझ्याकडे पाहिलं. मी क्वालिटीवाली, नजर माझी.

"थरथरला अण्णा," मी म्हटलं. "मी पाहिला."

"मग बास," अण्णा म्हणाले, आणि कुंकवाची वाटी त्यांनी भावापुढे सरकवली. "लाव. अंगठ्यानं लाव, चालतंय."