फुलावर आलेला धैंचा

शेतकी खात्याच्या साहेबांनी दिलेला कागद आमच्या घरात फक्त मला वाचता येत होता. चौथी शिकलेली सून म्हणून माझं कौतुक व्हायचं, पण वाचलेलं ऐकायची वेळ आली की सगळ्यांचे कान बंद.

आमचं गाव वसईच्या खाडीकाठचं. बांध फुटून शेतात भरतीचं पाणी शिरलं, त्याला दोन वर्षं झाली होती. उन्हाळ्यात जमिनीवर मिठाचा पांढरा पापुद्रा यायचा, लावलेलं भात पिवळं पडून मरायचं. बांध पुन्हा घातल्यावर सरकारने जमीन सुधारायला तगाई दिली. आधी धैंच्याचं, म्हणजे हिरवळीच्या खतासाठी पेरायच्या तागासारख्या झाडाचं बी, मग खताच्या पेंडीसाठी पैसे. कागदात अट एकच होती. धैंचा फुलावर येताच कापून चिखलात गाडायचा. शेंगा धरल्या तर पेंडीचे पैसे नाहीत.

धैंचा माणसाच्या डोक्यावर गेला. ओसाड पडलेल्या त्या शेतात पिवळी फुलं आली आणि सासूबाई बांधावर जाऊन बसल्या.

"फुलावर आलेलं शेत म्हंजे पोटुशी बाई. तिच्यावर इळा चालवनार? मी जिती असताना नाय."

त्यांचंही खोटं नव्हतं. भात फुलावर आलं की आमच्याकडे शेतात कुणी मोठ्याने बोलतसुद्धा नसे. मामंजी हो म्हणेनात, नाही म्हणेनात. आमच्या ह्यांचं तर विचारूच नका, आईपुढे मूग गिळून गप्प. साहेब शुक्रवारी बघायला येणार होते. मी रोज सकाळी शेतावर जायची. मंगळवारी पाकळ्या गळायला लागल्या. बुधवारी एका फांदीवर कोवळी शेंग दिसली. मला सहावा महिना होता. यंदाही शेत पिकलं नाही तर येणाऱ्या जिवाला पेज कुठून घालायची, एवढंच डोक्यात फिरत होतं.

गुरुवारी मी विळा घेतला आणि चिखलात उतरले.

पहिली मूठ कापली तशा सासूबाई ओरडल्या. मी थांबले नाही. मला राग आला होता, आणि खोटं कशाला सांगू, भीतीही वाटत होती. मी असल्याच घरात वाढलेली. हे पाप आहे असं मलाही वाटतच होतं. दुसरी मूठ, तिसरी मूठ. मागून चिखलात पावलं वाजली. आता थोबाडीत बसणार म्हणून मी मान खाली घातली.

सासूबाईंनी माझं मनगट धरलं आणि विळा काढून घेतला.

"दोन जिवांची हायस. ह्ये पाप तुज्या हातून नको," त्या म्हणाल्या. "लागू दे मला लागलं तर."

पदर खोचून त्यांनीच कापायला घेतलं. प्रत्येक मुठीला काहीतरी पुटपुटत होत्या, रडत होत्या. ते बघून मामंजी धैंचा चिखलात गाडायला बैल घेऊन आले. शुक्रवारी साहेब आले तेव्हा सगळा धैंचा चिखलाखाली गेला होता. पेंडीचे पैसे मिळाले. उशिरा लावलेलं भात तगलं.

सासूबाई मात्र त्या गुरुवारपासून दिवसातून एकदाच जेवायच्या, तेही नुसती पेज. माझ्या पोटातल्या जिवाला ते पाप लागू नये म्हणून, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कार्तिकात एका सकाळी मी बाळंत झाले. सुईणीने बाहेर जाऊन सांगितलं, मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. मग दाराबाहेर सासूबाईंचा आवाज मला ऐकू आला.

"मला कोनी भात वाढा गं. भूक लागलीय."