वेंडेलची सही

वेंडेल क्रायेस्कीची जीभ म्हणजे कातर. मार्ला थिबोडो नवी नवी त्याच्या हाताखाली आली, तेव्हा तिचा पहिला प्रोग्राम वाचून तो म्हणाला होता, "पोरी, हे तू लिहिलंस की टाइपरायटरवरून मांजर गेलं?" ती घरी जाऊन रडली आणि दुसऱ्या दिवशी सगळं नव्याने लिहून घेऊन आली. पुढे त्याने तिची एकही चूक कधी पोटात घातली नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या त्या जुन्या लोकरीच्या गिरणीत आता कॉम्प्युटर बनत होते, आणि तिथे याहून मोठा मान नव्हता.

वेंडेलने एक डिबगर, म्हणजे चुका शोधायला मदत करणारा प्रोग्राम, लिहिला होता. चालत्या प्रोग्रामला हव्या त्या ठिकाणी थांबवून त्याच्या पोटात काय शिजतंय ते दाखवायचं, हे त्याचं काम. कंपनीने नवं मशीन काढलं की तो नव्या प्रोसेसरवर, नव्या ऑपरेटिंग सिस्टीमवर बसवावा लागे. बसला की पहिला थांबा वेंडेलनेच टाकायचा, आणि प्रोग्राम तिथे थांबला की मशीनच्या झाकणाच्या आतल्या बाजूला काळ्या पेनने सही करायची, असा रिवाज होता.

यंदा बसवण्याचं काम मार्लाकडे आलं, कारण वेंडेल घरी पडून होता. फुप्फुसाचा कॅन्सर. डॉक्टरांनी हात टेकले होते. तो आहे तोवर या मशीनवर त्याची सही व्हावी, एवढंच मार्लाला हवं होतं.

दुपारी त्याचा फोन येई. "थांबतंय का गं?"

"थांबेल."

"थांबेल म्हणजे? बस आहे का ती?"

पण प्रोग्राम काही थांबत नव्हता. एका वेळी एकच सूचना देत एकेक पाऊल चालवला की नेमका थांब्यावर उभा राही, मोकळा सोडला की थांबा ओलांडून उधळे. मार्लाने सगळं पिंजून काढलं, चूक हाती लागेना. एके दुपारी फोनवर त्याचा आवाज इतका खोल गेलेला आला की तिच्या तोंडून निघून गेलं, "थांबतंय, वेंडेल."

"मग शुक्रवारी येतो."

आली का पंचाईत! शुक्रवारपर्यंतही जमलं नाही, तेव्हा तिने डिबगरला गुपचूप शिकवलं की, मोकळा सोड म्हटलं तरी आतून एकेक पाऊलच चालव. पाहणाऱ्याला काही कळणार नव्हतं.

बायको बर्निस त्याला गाडीतून घेऊन आली. चाकाची खुर्ची, मांडीवर ऑक्सिजनचं नळकांडं. सगळी मंडळी जमली, डोनट्सचा खोका उघडला.

"काय वेंडेल, आमच्यावाचून करमेना होय?" शेजारच्या टेबलाचा गस म्हणाला.

"तुझ्यावाचून उत्तम करमतं. डोनट्सवाचून करमत नाही."

त्याने थांबा टाकला आणि प्रोग्राम सोडला. क्षणभर काहीच झालं नाही. मग प्रोग्राम थांबला. टाळ्या पडल्या. गसने झाकण पुढे केलं. वेंडेलने पेन बराच वेळ नुसतं धरून ठेवलं.

"वाळलंय हे," तो म्हणाला. "पुढच्या वेळी."

पुढची वेळ कुठली? सगळे डोनट्सकडे बघू लागले.

मार्ला खुर्ची ढकलत त्याला खाली घेऊन गेली. बर्निस गाडी आणायला पुढे गेली होती.

"माझा डिबगर इतका रेंगाळत नाही," वेंडेल म्हणाला. "हाताला धरून चालवलंस ना?"

तिने खुर्ची थांबवली. "मला वाटलं, तुम्हाला..."

"बरं वाटेल. डॉक्टरही मला बरं वाटावं म्हणून बोलतो, बर्निसही." त्याला धाप लागली. "चुकीला चूक म्हणणारी तू एकटी उरली होतीस. तूही मला पेशंट करून टाकलंस."

मार्ला रडू लागली. तेव्हा तो नेहमीच्या सुरात खेकसला, "रडतेस काय? ऐक. हा प्रोसेसर पुढच्या सूचना आधीच वाचून स्वतःजवळ ठेवतो. तू मेमरीत थांबा लिहितेस, आणि तो जवळची जुनी प्रतच वाचत बसतो. ती टाकून द्यायला सांग त्याला. एकेक पाऊल चालवताना सिस्टीम ते आपण होऊन करते. अक्कल काय गहाण टाकली होतीस?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने ते केलं. मोजक्या ओळींचं काम. प्रोग्राम मोकळा सोडला आणि तो थांबला. तिने धावत जाऊन फोन लावला.

"पहाटेपासून शुद्ध नाही गं त्याला," बर्निस म्हणाली.

"फोन कानाशी धराल त्यांच्या?... वेंडेल, थांबला! मोकळा सोडला होता. देवाशपथ, या वेळी खरंच थांबला."

पलीकडून नुसता ऑक्सिजनचा फुसफुस आवाज येत राहिला.

"ऐकलं असेल का हो?" तिने विचारलं.

"काय सांगू, बाई," बर्निस म्हणाली. संध्याकाळी तो गेला.

दफन आटोपून मंडळी कामावर आली. मशीन गिऱ्हाइकाकडे रवाना व्हायचं होतं. मार्लाने ते पेन तळहातावर ओढून पाहिलं. काळीभोर रेघ उमटली.

"तूच कर सही त्याच्या नावाने," गस हळूच म्हणाला. "कुणाला कळणार आहे?"

"त्यांना कळलं होतं," मार्ला म्हणाली, आणि कोरं झाकण तसंच बसवून स्क्रू आवळू लागली.