खिसेझडती

तिला सगळे टाचणी म्हणत. अंगाने बारीक, बोलणं टोचणारं. बाप शिंपी. उरल्यासुरल्या कापडांतून त्याने लेकीला एक कोट शिवून दिला होता, आतून-बाहेरून खिसेच खिसे असलेला. सुट्ट्या लागल्या की टाचणी कॉलेजची चार टाळकी घेऊन रुग्णालयातल्या मुलांच्या वॉर्डात जायची. सुट्टीतही घरी जायला न मिळालेल्या पोरांनी तिची झडती घ्यायची, हा खेळ. खिशांत भिंगऱ्या, शिट्ट्या, रंगीत खडू. खायचं मात्र काहीही नाही. त्याच अटीवर मोठ्या सिस्टरने प्रत्येकाला पास देऊन परवानगी दिली होती, आणि तीही टाचणीने रुग्णालयाच्या साहेबलोकांच्या दारात भांडभांड भांडून मिळवलेली.

त्या सकाळी खिडकीजवळच्या पलंगावर पोटाच्या ऑपरेशनचा मुलगा होता. उशाशी पाटी: 'उपाशी'. त्यानेही झडती घेतली, खुदकन हसला, आणि थोड्या वेळात ट्रॉलीवरून गेला. आई मागोमाग.

ओरडून ओरडून टाचणीचा घसा बसला होता. तिने अस्तराच्या खिशात हात घातला. काल कॉलेजच्या नाटकाच्या तालमीत घशासाठी घेतलेली संत्र्याची गोळी तिथेच राहिली होती. पण हाताला तिचा नुसता कागद लागला, नीट घडी घातलेला.

ती पोरांकडे वळली. "माझी गोळी कोणी घेतली रे?"

"मी नाही, ताई." "मी पण नाही." पोरं एकमेकांकडे बघत राहिली.

गटातला चष्मेवाला तिच्या कानाशी लागला. "गप्प बस. यांच्यातल्याच कुणीतरी खाल्ली असेल. तू सांगायला गेलीस की आपल्या सगळ्यांना दार बंद. सिस्टर टपूनच बसलीय."

"आणि त्या उपाशी पोरानेच खाल्ली असली तर?"

"एवढ्याशा गोळीने काय होतंय?"

"तुला माहीत आहे? मला नाही."

ती धावत सुटली. जिना, लांबलचक बोळ, खिशांतल्या शिट्ट्यांचा खडखडाट. ऑपरेशनच्या दारावर लाल दिवा. बाकावर आई. दाराशी वॉर्डबॉय.

"ए सर्कस, इकडे कुठे?"

"आत सांगा, भूल देऊ नका. त्याने बहुतेक काहीतरी खाल्लंय."

वॉर्डबॉयचं हसू मावळलं. तो आत गेला. आई उठून उभी राहिली. "काय खाल्लंय? रात्रीपासून पाण्याचा घोट दिला नाही मी त्याला."

टाचणीने कागद दाखवला. उभ्या जन्मात तिला आपलंच खरं हवं असायचं. आज पहिल्यांदाच वाटलं, आपलं खोटं ठरावं. दार हलेना. आई कागदाकडे बघत होती, तिच्याकडे नाही.

मग भुलीचे डॉक्टर बाहेर आले. "जीभ केशरी आहे त्याची. आता औषध देणारच होतो. बेशुद्धीत उलटी होऊन श्वासनलिकेत गेली असती, तर निस्तरणं कठीण होतं. आज ऑपरेशन नाही. उद्या."

आई टाचणीकडे वळली. "उद्या पुन्हा उपाशी? तुम्ही येता, खेळता, जाता. पहाटेपासून त्याची रडारड मी ऐकते."

तोवर सिस्टर पोचली होती. तिने हात पुढे केला. "पास."

"माझा घ्या. कोट माझा होता. बाकीच्यांचा काय दोष?"

"सगळ्यांचे."

टाचणीने आपला काढून दिला. तेवढ्यात ट्रॉली बाहेर आली. मुलगा टक्क जागा. "ताई, कागद मी परत ठेवला होता," तो म्हणाला, मोठा प्रामाणिकपणा केल्यासारखा.

आईने त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि सिस्टरकडे वळली.

"बाई, बाकीच्यांचं तुम्ही बघा. पण उद्या पहाटे हिला येऊ द्या. हा जेवण मागायला लागला की मला आवरत नाही. हिला बसू दे त्याच्यापाशी. नाही म्हणायचं कसं असतं, तेही कळू दे हिला."

सिस्टरने क्षणभर टाचणीला न्याहाळलं आणि तेवढा एक पास तिच्या हातावर परत ठेवला.

"पाचच्या आत ये," ती म्हणाली. "पाच वाजल्यापासून रडतो तो."