कोटाच्या पाठीवरची चुणी

मुंबईतल्या एका बड्या फॅशन हाऊसमध्ये मी कटिंग मास्तर होतो. मालकीण, म्हणजे आमच्या मॅडम, प्रत्येक कपड्याचं चित्र स्वतः काढायच्या. त्यांनी रत्नागिरीत शिवणाचं युनिट सुरू केलं, तेव्हा मी मागे लागून बदली घेतली. माझं घर लांज्याकडचं, म्हातारे वडील एकटे होते.

मॅडम महिन्यातून एकदा यायच्या. एका सकाळी म्हणाल्या, "मास्तर, बंदरावर जाऊन येऊ." मिरकरवाड्यात एक कोळीण डोक्यावर पाटी घेऊन चालली होती. मॅडम तिच्या मागेच लागल्या. ती वैतागून वळली, "बघतेस काय गो? मासळी घे!" मॅडमनी निमूट बांगडे घेतले. रिक्षात म्हणाल्या, "तिच्या साडीचा काष्टा बघितलात? चालताना उघडतो, उभी राहिली की मिटतो. मला कोटाच्या पाठीला अशीच चुणी हवी."

त्यासाठी कापड उरेब, म्हणजे तिरकं कापावं लागत होतं. मी मांजरपाटाचे कच्चे नमुने कापत गेलो. मॅडम प्रत्येक नमुना अंगात घालून युनिटभर चालायच्या आणि नकारार्थी मान हलवायच्या. पंधराव्या नमुन्याला चालता चालता त्या मागे वळल्या. "जमलं, मास्तर!" शिवणाऱ्या बायका मशीन सोडून बघायला आल्या.

तो कोट फार गाजला. मग दुकानं वाढली, दुकानांना भांडवल लागलं आणि भांडवल घालणाऱ्या कंपनीने शेवटी सगळंच विकत घेतलं. आमच्याकडे कंपनीचे एक साहेब यायला लागले. माणूस वाईट नव्हता. मला आधी बसायला सांगायचा.

"मास्तर, तिरक्या कापात कापड फार वाया जातं. सरळ कापा."

"सरळ कापलं तर चुणी उघडणार नाही, साहेब."

"मग वरून टीप मारून टाका. चुणी दिसली म्हणजे झालं."

"मॅडमना विचारलंत?"

त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. सरळ कापाच्या मंजुरीखाली मॅडमची सही होती. मी सरळ कापायला बसलो. अर्ध्या तासात झालंसुद्धा, आणि त्याचीच मला लाज वाटली.

मॅडमकडून नवीन चित्रं यायची बंद झाली. दर मोसमात तोच कोट, रंग तेवढा वेगळा. पुढे टी-शर्टवर चुणी नुसती छापून यायला लागली.

वर्षभराने मॅडम आल्या. टांगलेला कोट अंगात घालून सहा पावलं चालल्या. चुणी जागची हलली नाही.

"हा तुम्ही कापलात?"

"हो, मॅडम."

तुमची सही होती, हे सांगायचं मी टाळलं.

"मी बोलले त्यांच्याशी, कितीदा तरी," त्या म्हणाल्या. "ऐकून घेतात. चहा मागवतात."

"नवीन काही काढा ना, मॅडम. रविवारी येऊन मी नमुना कापून देतो. पैसे नकोत."

त्यांनी कोट परत टांगला. "कुठल्या नावाने काढू, मास्तर? माझं नावही आता त्यांचं आहे."

मी जेवून जा म्हटलं, पण त्या थांबल्या नाहीत. पुन्हा आल्याही नाहीत. मी अजून तिथेच कापतो. या वयात दुसरीकडे मला कोण घेणार? प्रत्येक कोटाच्या गळ्याशी त्यांच्या नावाचं लेबल लागतं. परवा नव्या मुलीने विचारलं, "ह्या बाई कोण हो, मास्तर?" मी सांगायला लागलो, तेवढ्यात साहेबांनी पुढचा गठ्ठा मागितला.